पाकीट स्वस्त झालं, महिन्याचं बिल का नाही?

प्रति,
मा. अध्यक्ष,
राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरण (एनपीपीए),
जयसिंग रोड, नवी दिल्ली

महोदय,

भाईंदर पूर्वेला गोडदेव नाक्याजवळ माझं औषधांचं दुकान आहे. परवाना माझ्या नावावर आहे आणि काउंटरवरही बहुतेक वेळ मीच असते. आपण दिल्लीत औषधांचे भाव बांधून देता. ते किती चढले, किती उतरले हे गिऱ्हाइकाला सांगायचं काम माझ्याकडे येतं, आणि त्यावरचं त्यांचं बोलणं ऐकून घ्यायचंही. म्हणून हे पत्र आपल्याला. महापालिकेला नि आमदारांना पत्रं लिहिणारे इथे पुष्कळ आहेत. एनपीपीए हे नाव मात्र आमच्या नाक्यावर फारसं कुणी ऐकलेलं नाही.

गोडदेव हे मूळचं आगरी गाव. आता गावठाणाच्या चहूबाजूंनी चाळी, तीन-चार मजल्यांच्या जुन्या इमारती आणि स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. गाळ्यात पॉलिशचं काम करणारे, घरी बसून इमिटेशन ज्वेलरीचे मणी ओवणाऱ्या बायका, लोकल पकडून अंधेरी-दादरकडे जाणारे सिक्युरिटी गार्ड, आणि कंपनी बंद पडल्यावर मुंबईतली खोली विकून इकडे आलेले कोकणातले काका-मावश्या असं माझं गिऱ्हाईक. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२३ च्या निर्णयाने राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली, संरक्षण पाच लाखांपर्यंत गेलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या. पण पहिली योजना माणूस दाखल झाल्यावर कामाला येते आणि दुसरीत त्या दिवशी तिथे जे औषध शिल्लक असेल तेच मिळतं. रोज सकाळी चहाआधी घ्यायची बीपीची गोळी या दोन्हींच्या बाहेर राहते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. तो खिसा कसा रिकामा होतो, ते मला काउंटरवरून दिसतं.

पगार झाल्यावर, सात ते दहा तारखेच्या दरम्यान, लोक पूर्ण पाकिटं नेतात. वीस तारखेनंतर "ताई, पाचच गोळ्या कापून द्या" सुरू होतं. औषध महाग झालं म्हणून कुणी भांडत नाही, मोर्चा काढत नाही. गोळ्या गुपचूप कमी होतात. आधी कोलेस्टेरॉलची बंद होते, कारण ती न घेतल्याने काही दुखत नाही. मग बीपीची एक दिवसाआड होते. शुगरची सगळ्यात शेवटी, कारण शुगर वाढली की माणसाला स्वतःलाच कळतं. डॉक्टरांना हे सांगितलं जात नाही. ते बीपी मोजतात, जास्त दिसतं, आणि गोळीची ताकद वाढवून देतात. पुढच्या महिन्याचं बिल मग आणखी मोठं.

अशा लोकांपर्यंत आपले भावबदल कसे पोचतात, याचं एक ताजं उदाहरण सांगते. ३ सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी परिषदेत बहुतेक औषधांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणायचं ठरलं. अंमल २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमका घटस्थापनेच्या दिवशी. टीव्हीवर दिवसरात्र चर्चा झालेली असल्यामुळे लोक हिशेब करूनच आले होते: शंभर रुपयांच्या पाकिटाला सात रुपये कमी. पण छापील किंमत करासकट असते. शंभराच्या औषधावर बारा रुपये कर धरून जे पाकीट ११२ ला होतं, ते १०५ ला आलं. म्हणजे छापील किमतीवर सव्वासहा टक्के. हे सव्वासहा टक्के मी त्या आठवड्यात किती जणांना कागदावर मांडून दाखवले याला गणती नाही. त्यात जुना माल जुन्याच छापील किमतीचा. आपण कंपन्यांना सुधारित दरपत्रकं काढायला सांगितलं, पण बाजारात गेलेला माल परत बोलावून नवं लेबल लावण्याची सक्ती केली नाही. व्यवहाराच्या दृष्टीने ते बरोबरही होतं. नाहीतर औषधांचाच तुटवडा झाला असता. पण पाकिटावर एक आकडा, बिलात दुसरा, आणि मधला फरक समजावणारं दरपत्रक इंग्रजी पीडीएफच्या रूपात माझ्या मोबाईलमध्ये! इन्सुलिन घेणाऱ्या एका मावशींना तर मी लबाडी करते असंच वाटलं. त्यांचं इन्सुलिन आधीपासूनच ५ टक्क्यांच्या गटात होतं, त्यामुळे त्यांना त्या दिवशी काहीच कमी झालं नाही.

आता या सव्वासहा टक्क्यांचं पुढे काय होतं ते बघा. समजा एखाद्या घराचं औषधांचं बिल महिन्याला १,४०० रुपये होतं. ते ८७ रुपये ५० पैशांनी उतरून १,३१२ रुपये ५० पैसे झालं. आपल्या २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार जी औषधं अत्यावश्यक यादीत नाहीत, त्यांची किंमत कंपनी वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवू शकते, कुणालाही न विचारता. या घराची सगळी औषधं यादीबाहेरची असतील आणि कंपन्यांनी पूर्ण दहा टक्के घेतले, तर वर्षाच्या आत तेच बिल १,४४३ च्या पुढे जातं. करकपातीची बातमी पहिल्या पानावर आली होती. ही वाढ नव्या बॅचच्या पाकिटावर बारीक अक्षरात येते. दरवर्षी दहा टक्के या गतीने सात-आठ वर्षांत किंमत दुप्पट होते, हे आपल्याला मी काय सांगायचं!

यादीतल्या औषधांचं तरी काय? १९९५ च्या आदेशात भाव उत्पादनखर्चावरून ठरत, पण नियंत्रणाखाली मूळ औषधद्रव्यं होती फक्त ७४. २०१३ ला सरकारने अत्यावश्यक औषधांची सगळी यादी नियंत्रणाखाली आणली, ही जमेची बाजू मी मनापासून मान्य करते. पण खर्च सोडला आणि बाजारभावाची सरासरी धरली. ज्या ब्रँडचा बाजारातला वाटा एक टक्का किंवा त्याहून जास्त, त्यांच्या किमतींची सरासरी काढायची, त्यावर दुकानदाराचे १६ टक्के चढवायचे, ही झाली कमाल किंमत. मोठ्या वाट्याचे ब्रँड बहुतेक करून महाग असतात. त्यांच्याच भावांच्या सरासरीने त्यांना किती आवर बसणार? ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क आणि बडोद्याच्या लोकॉस्टसारख्या संस्था २००३ पासून सर्वोच्च न्यायालयात औषधांच्या भावांसाठी भांडत आल्या, त्यांचा आक्षेपही हाच होता.

त्यात दर एप्रिलला घाऊक किंमत निर्देशांकाची भर. २०२२ ला १०.७६६०७ टक्के, २०२३ ला १२.१२१८ टक्के, २०२४ ला ०.००५५१ टक्के, २०२५ ला १.७४०२८ टक्के. दशांशचिन्हापुढे पाच घरं मोजणाऱ्या कार्यालयाविषयी मला आदर आहे. २०२४ च्या दराने दहा रुपयांच्या गोळीला एक पैसासुद्धा वाढत नाही, तरी आदेश निघाला. पण २०२२ आणि २०२३ ची वाढ एकावर एक चढवली की शंभराचे १२४ होतात, आणि त्या दोन वर्षांत पॉलिशवाल्याची मजुरी तेवढी वाढलेली मी पाहिली नाही. आपण म्हणाल, त्याच सुमारास २०२२ च्या नव्या यादीमुळे ६५१ औषधांच्या कमाल किमती सरासरी १६.६२ टक्क्यांनी उतरल्या. खरं आहे. तरी काउंटरवर मला तो उतार जेमतेम दिसला, आणि या पत्राचा खरा विषय तोच आहे.

तो उतार जेमतेमच दिसला, कारण माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर यादीतलं औषध एकटं क्वचितच असतं. टेल्मिसार्टन यादीत आहे, ॲम्लोडिपिन यादीत आहे. चिठ्ठीवर मात्र दोन्हींची एकत्र गोळी असते. मेटफॉर्मिन यादीत, ग्लिमेपिराइड यादीत. चिठ्ठीवर दोन्ही मिळून, बऱ्याचदा जोडीला तिसरंही काही. अशा नव्या मिश्रणांची किरकोळ किंमत आपण अर्ज करणाऱ्या कंपनीपुरती ठरवून देता, हे मला ठाऊक आहे. आपल्या बैठकांच्या इतिवृत्तांत अशा गोळ्यांच्या लांबच लांब याद्या असतात. पण ती किंमत त्या कंपनीपुरतीच. त्याच मिश्रणाचा जुना, नावाजलेला ब्रँड तिच्या बाहेर, दहा टक्क्यांच्या पायरीने वर चढत राहतो. डॉक्टरांना दोष देऊन उपयोग नाही. एका गोळीत दोन औषधं दिली तर माणूस विसरत नाही, हे वैद्यकीयदृष्ट्या पटण्याजोगं आहे. पण त्यामुळे अत्यावश्यक औषधांची ३८४ नावांची यादी कागदावर भक्कम राहते आणि गोडदेवमधला बीपी-शुगरचा माणूस आपलं बहुतेक बिल तिच्या बाहेर भरतो.

आपल्या प्राधिकरणाने एकदा हे ओळखलं होतं. जुलै २०१४ मध्ये मधुमेह आणि हृदयविकाराच्या १०८ यादीबाहेरच्या औषधांना आपण त्याच २०१३ च्या आदेशातल्या परिच्छेद १९ खाली हात घातला. एकाच औषधाच्या ब्रँडच्या किमतींत इतका फरक का, हा प्रश्न विचारला आणि सरासरीच्या २५ टक्क्यांहून जास्त महाग असलेल्यांना खाली ओढलं. माझ्या आठवणीत काउंटरवर खरोखर जाणवलेला तो भावबदल. दोन-अडीच महिन्यांत, सप्टेंबरमध्ये, ज्या मार्गदर्शक सूचनांच्या आधारे हे केलं त्याच मागे घ्यायला लावल्या गेल्या. कंपन्यांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि २०१६ मध्ये हरली. अधिकार आहे असं न्यायालयाने म्हटलं, पण तो पुन्हा तसा वापरायला कुणी धजावलं नाही. का, ते आपल्या फायलींत असेलच.

मग स्वस्त ब्रँड का देत नाही, असं मला विचारलं जातं. कारण मला परवानगी नाही. औषध नियमांतला (ड्रग्ज रूल्स) ६५ वा नियम सांगतो की शेड्यूल एच मधल्या औषधासाठी चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याऐवजी दुसरं द्यायचं नाही, आत घटक तेच असले तरी. डॉक्टरांनी जेनेरिक नावं लिहावीत अशी सक्ती राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ च्या नियमांत केली आणि २३ ऑगस्टला ते नियम स्थगित केले. तीन आठवडे! ब्रँडच्या नावांचा सोस कमी करा, हे हाथी समितीने १९७५ मध्येच सांगितलं होतं. जन औषधी केंद्रं २००८ पासून आहेत, आता देशभर पंधरा हजारांवर गेली आहेत, आणि तिथले भाव निम्म्याहून कमी असतात. माझी गिऱ्हाइकं तिकडे जातात, मी त्यांना अडवत नाही. त्यातली कित्येक परत येतात, कारण चिठ्ठीवर ब्रँडचं नाव, आणि तिथल्या फार्मासिस्टचेही हात त्याच नियमाने बांधलेले. काही जण भीतीने परततात. स्वस्त गोळीत औषध असेल का, ही भीती अडाणीपणाची म्हणता येत नाही. नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयाला पुरवलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या बनावट निघाल्या, अंबाजोगाईतही तेच झालं. लोक बातम्या वाचतात.

आणखी एक गोष्ट लिहिते, ती वाचून आमच्या धंद्यातले काही जण माझ्याशी बोलायचे बंद होतील. 'जेनेरिकवर ऐंशी टक्के सूट' असे फलक आपण शहरोशहरी पाहिले असतील. त्या पाकिटांवरची छापील किंमत मोठ्या ब्रँडच्या आसपासच असते, दुकानदाराला मात्र ती तिच्या लहानशा हिश्श्यात पडतात. सूट द्यायची की नाही, कुणाला किती, हे दुकानदाराच्या मनावर. ज्याला घासाघीस जमते त्याला मिळते. संकोची म्हातारीला नाही. २७ फेब्रुवारी २०१९ ला आपण ४२ कर्करोगाच्या औषधांवरचा व्यापारी नफा ३० टक्क्यांवर रोखलात आणि किमती धाडकन खाली आल्या. तो प्रयोग बीपी-शुगरच्या गोळ्यांपर्यंत यायला काय हरकत आहे? माझा नफा घटेल, हे समजूनच विचारते आहे.

भाव खऱ्या अर्थाने पडतात ते बहुधा आपल्या आदेशाशिवायच. मधुमेहाच्या एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं. साठ रुपयांच्या आसपासची गोळी, दुसऱ्या कंपन्या उतरल्याबरोबर पाच-सहा रुपयांपासून मिळू लागली. एवढा उतार मी पहिल्यांदाच पाहिला. पण ज्यांच्या चिठ्ठीवर जुना ब्रँड होता, त्यांना त्यातलं काही कळलं नाही. डॉक्टरांची पुढची भेट तीन महिन्यांनी, आणि तोवर चिठ्ठी तीच. मी गिऱ्हाइकांना सांगितलं, "डॉक्टरांना फोन करून विचारा." फोन करायचा धीर सगळ्यांना होत नाही, काका लोकांना तर नाहीच.

कमी भाव म्हणजे नेहमीच रुग्णाचं भलं, असंही माझं म्हणणं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपण आठ औषधांच्या अकरा प्रकारांच्या कमाल किमती एकदम ५० टक्क्यांनी वाढवल्या. सालब्युटामॉल, लिथियम, बेन्झिल पेनिसिलिन, काचबिंदूचे पिलोकार्पिनचे थेंब. वर्तमानपत्रांनी 'औषधं महागली' असं छापलं, आणि मला मात्र हायसं वाटलं. लिथियमची गोळी मुळात इतकी स्वस्त, की बनवणाऱ्याला तिच्यात काही सुटत नाही. ती मिळेनाशी झाली की घरच्यांनी बोरिवली, मालाड करत थेट प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक बाजारापर्यंत पायपीट करायची. ज्या घरात लिथियम लागतं, त्या घरात एका माणसाला सोडून दुसऱ्याने दिवसभर औषध शोधत फिरणं म्हणजे काय, ते त्यांनाच विचारावं. यादीतलं औषध बंद करायचं तर कंपनीने सहा महिने आधी जाहीर सूचना द्यावी, असं आपला आदेश सांगतो. ती सूचना आम्हा दुकानदारांपर्यंत येईल अशी काही सोय करा. आम्हाला बंद झाल्याचं कळतं ते स्टॉकिस्टने "माल नाही" म्हटल्यावर.

एक हिशेब मला कधीच पटला नाही. कमाल किमतीपेक्षा जास्त घेतलेली रक्कम आपण कंपनीकडून व्याजासकट मागता. कंपन्या कोर्टात जातात, वर्षं जातात, तो भाग सोडा. पण जेव्हा वसुली होते, तेव्हा ती रक्कम सरकारजमा होते. जास्तीचे पैसे दिले होते कुणी? पाचच गोळ्या कापून नेणाऱ्यांनी. प्रत्येकाला शोधून परतावा देणं अशक्य आहे, कबूल. पण त्या पैशांतून शहरी आरोग्य केंद्रांना बीपी-शुगरच्या गोळ्या घेऊन देता येतील की नाही?

अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेत दोन बदल झाले. इन्सुलिनसाठी महिन्याला ३५ डॉलरच्या वर द्यायचे नाहीत, आणि २०२५ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या औषधांसाठी वर्षाला खिशातून ठरलेल्या मर्यादेच्या वर द्यायचे नाहीत; २०२५ मध्ये ती मर्यादा २,००० डॉलर होती. त्यांची व्यवस्था आदर्श आहे असं मी म्हणत नाही. तिथले मूळ भाव ऐकून आमच्याकडचे लोक डोक्याला हात लावतील. आणि तिथे विमा आहे, आमच्याकडे तो औषधापर्यंत येत नाही. पण मोजायचं काय, हे त्यांनी तिथे बरोबर धरलं: माणसाच्या खिशातून वर्षभरात किती गेले. आपण गोळी मोजता. गोळीचा भाव उतरल्याचं आपलं पत्रक आणि त्याच महिन्यात वाढलेलं बिल, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि आमच्याकडे ते बऱ्याचदा असतं.

म्हणून मागणं असं की दर एप्रिलला निर्देशांकाच्या आदेशाबरोबर आणखी एक आकडा प्रसिद्ध करा. बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल असलेल्या माणसाला, डॉक्टर आज प्रत्यक्षात लिहितात त्या गोळ्या, मिश्रणांसकट, महिन्याला कितीला पडल्या. सगळ्यात महाग ब्रँडने किती आणि सगळ्यात स्वस्ताने किती. मागच्या एप्रिलला किती होत्या. हा आकडा चढला असेल, तर बाकीच्या आदेशांतून रुग्णाला काय मिळालं ते आपोआप कळेल. या रोगांच्या जास्त खपाच्या मिश्रणांना एकच कमाल किंमत लावा, कंपनीगणिक वेगळी नको. २०१४ चा अधिकार पुन्हा वापरा. आणि चिठ्ठीवर ब्रँड असला तरी त्याच घटकांचं, तपासून प्रमाणित केलेलं स्वस्त औषध रुग्णाला विचारून देता यावं, यासाठी आरोग्य मंत्रालयाशी बोला. तो नियम आपल्या हातात नाही, हे मला माहीत आहे. पण सध्या औषध खातं आणि आरोग्य खातं एकाच मंत्र्यांकडे आहे. दोन फायली एका टेबलावर यायला याहून सोयीची वेळ कुठली?

दरपत्रक दुकानात ठळक जागी लावावं, असं आपल्याच आदेशात आहे. ते मराठीत, मोठ्या अक्षरात, कंपनीच्या कोडनावांशिवाय आणि बीपी, शुगर, दमा अशा गटांत लावून पाठवलंत, तर काउंटरच्या वरची शॅम्पूच्या जाहिरातीची जागा मी रिकामी करून ठेवते. आपल्या 'फार्मा सही दाम' ॲपवर सगळं आहे असं कृपया उत्तर पाठवू नका. वीस तारखेनंतर येणाऱ्या मावशींच्या फोनला बटणं आहेत.

कळावे,
आपली,
गोडदेव, भाईंदर पूर्व येथील एक औषधविक्रेती